मुंबईवर पडणाऱ्या गारा

एप्रिलमध्ये आमच्या परळच्या चाळीच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडलेल्या असत. लालबागहून आणलेली बेडगी, संकेश्वरी, थोडे धने, हळकुंडं. वर्षाच्या मसाल्याची तयारी. अशात एखाद्या दुपारी पूर्वेकडून ढग येत. पावसाळ्यातले नव्हेत, उंच, पांढऱ्या कडांचे आणि जांभळ्या पोटाचे. मग सगळ्या मजल्यांवरच्या बाया गच्चीकडे धावत आणि चादरींची गाठोडी करून मिरच्या खाली आणत. जिन्यात खोकल्याची साथ आल्यासारखं होई. त्या गर्दीत सगळ्या काहीतरी घेऊन खाली येत असताना एकच बाई काहीतरी घेऊन वर जात असे. साळवे बाई. हातात पितळेची परात.

ती परात त्या गच्चीच्या मधोमध ठेवत, शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसत आणि आभाळाकडे बघत. गारांची वाट बघत.

माझी बायको नीता लग्न होऊन चाळीत आली, त्या पहिल्या उन्हाळ्यात तिने मला विचारलं होतं, "त्या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, चाळीत सर्वांत ठिकाणावर असलेलं डोकं तेच आहे. ते खरं होतं. चाळीच्या कमिटीत पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं की लोक शेवटी बाईंच्या दारात येत. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात कोणी किती वेळ बोलायचं ते बाई ठरवत, आणि भाषण लांबलं तर समोर बसून शांतपणे घड्याळाला किल्ली देत. दादरच्या एका मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर, मग एकट्या. खोलीत बुद्धाची तसबीर, एक पृथ्वीचा गोल आणि पुस्तकं. मी त्यांच्या समोरच्या खोलीत वाढलो. मी विमा कंपनीत हिशेबाचं काम करतो, त्यामुळे आठवणींच्या बाबतीतही मला वाढवून लिहिणं जमत नाही. जे पाहिलं आणि जे त्यांनी स्वतः सांगितलं, तेवढंच इथे लिहितो आहे. बाई आता नाहीत.

माझी मुलगी ऋता त्यांच्या वर्गात होती. गारांचा धडा असला की बाई पिशवीतून कांदा आणि सुरी काढत. टेबलावर कांदा उभा चिरत आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवत. "ढगात थेंब वर फेकला जातो, गोठतो. खाली येतो, पुन्हा वर फेकला जातो. दर फेरीला एक थर. गार म्हणजे आभाळाने घातलेला कांदा." मुलं डोळे पुसत पुसत ऐकत. शेजारच्या वर्गावरच्या इंग्रजीच्या सरांनी वासाची तक्रार केली, तेव्हा बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या की द्राक्षाचा घड आणून शिकवायला माझी हरकत नाही, पण मग शेवटच्या बाकापर्यंत धडा पोचणार नाही.

गारांचा हंगाम त्यांच्याकडून मी इतक्या वेळा ऐकला होता की मलाही पाठ झाला. फाल्गुन-चैत्रात जमीन तापते, पण वर आभाळात हिवाळ्याची थंडी रेंगाळत असते. मध्ये ओल आली की नगर, नाशिक, मराठवाडा, विदर्भ या पट्ट्यात गारपीट होते, नेमकी गहू, कांदा, द्राक्षं हाताशी आलेली असताना. जून लागला की वरची हवाही उबदार होते. मग ढग कितीही काळे असले तरी त्यांतून पाणीच येतं. आणि मुंबई? मुंबईत असे ढग मुळात कमी. आले तरी खाली समुद्राची गरम, दमट हवा. लहान गार वाटेतच विरघळते. हे सगळं सांगून झालं की बाई एक वाक्य म्हणत, ते ऋताच्या वर्गातल्या प्रत्येकाला आजही आठवत असेल: "मुंबईवर गारा पडतात. मुंबईत पोचत नाहीत."

हे शिकवणारी बाई दर वर्षी परात घेऊन वर का जाते, हे ऋता सोडून बाकीच्या मुलांनी विचारलं नाही, कारण त्यांना परातीचं ठाऊकच नव्हतं. चाळीला ठाऊक होतं. चाळीचा समज असा की बाईंना लहानपणी परळमध्ये गारा पडलेल्या आठवतात, आणि त्या पुन्हा पडतील असं त्यांना वाटतं. एवढंच.

कोणी म्हातारं माणूस भेटलं की बाई त्याला विचारायच्या. रेशनच्या दुकानात, बसस्टॉपवर, दातांच्या डॉक्टरकडे. तुम्ही इथलेच का? लहानपणी इथे गारा पडलेल्या पाहिल्यात? जो तो म्हणे, हो तर, पुष्कळ. म्हातारपणी माणसाला सगळंच पुष्कळ पाहिल्यासारखं वाटतं. मग बाई पुढचा प्रश्न विचारत, "वेचल्या कशात?" समोरचा गडबडे. कशात म्हणजे? पडल्या, आम्ही बघितल्या. बाई मान हलवून पुढे जात. मला म्हणाल्या होत्या, "राणे, ज्याने गारा खरंच पाहिल्या, त्याला त्या कशात वेचल्या ते आठवतंच. पातेलं, टोपी, छत्री, काहीतरी. नुसतं बघत कोणी उभं राहत नाही."

पुढे मोबाइल आले. दर मार्चला चाळीच्या ग्रुपवर कोणीतरी गारांचा व्हिडिओ टाकी: मुंबईत गारपीट, आत्ताची. बाई चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि खाली लिहीत, "मागे द्राक्षाचा मांडव आहे. परळला कधी झाला?" किंवा, "मोटारीचा नंबर दुसऱ्या राज्याचा आहे." शेवटी पोरं कंटाळली. संदीप म्हणून एक होता, कुरियरचं काम करायचा. तो म्हणाला, बाई, तुम्हालाच गारा हव्यात आणि तुम्हीच सगळ्या नापास करता.

या संदीपनेच ती गंमत केली. हेतू वाईट नव्हता. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, गुडघे दुखत म्हणून गच्चीऐवजी गॅलरीच्या कठड्याबाहेरच्या पत्र्यावर परात ठेवत. एका एप्रिलच्या संध्याकाळी वारा सुटला, चार थेंब आले, आणि पत्र्यावर ताडताड आवाज झाला. परातीत पांढरे खडे उसळले. सगळा मजला बाहेर आला. नीता ओरडली, "अहो, खरंच पडतायत!" बाई गॅलरीत आल्या. परातीकडे बघत उभ्या राहिल्या.

त्यांनी एक खडा उचलला, उजेडात धरला, नाकाजवळ नेला. मग वर गच्चीकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "संदीप, ढगात बोंबील नसतात रे."

कोळणीकडून आणलेला बर्फ होता. सगळा मजला हसला. बाईही हसल्या. पोरांना खाली बोलावून त्यांनी पोहे केले, आणि बर्फात थर का दिसत नाहीत तेही समजावलं. पोरं गेली. नंतर मी पत्र्यावरची परात काढून द्यायला गेलो, तर दिवा न लावता बसल्या होत्या. मला बसा म्हणाल्या. आणि कधी नव्हे ते बोलल्या.

त्यांना एक मोठा भाऊ होता. मधुकर. चौदा-पंधरा वर्षांचा असताना तापाने गेला. त्या तेव्हा पाच वर्षांच्या. फोटो नाही, गिरणीत काम करणारा बाप मुलांचे फोटो काढायला कुठे जाणार. आईने त्याचं नाव घेणं सोडून दिलं. बाईंच्या वाट्याला भावाची एकच आठवण आली होती: तो गॅलरीत उभा आहे, त्याने सदऱ्याचा ओचा धरला आहे, ओच्यात पांढरं, थंड काहीतरी भरलं आहे. त्यातलं एक तो तिच्या हातावर ठेवतो. तिच्या हाताला थंडी लागते. आणि तो म्हणतो, "एकदम तोंडात टाक, नाहीतर पाणी."

"गारा," बाई म्हणाल्या. "दुसरं काय असणार? पण आई शेवटपर्यंत सांगायची, गारा तू गावाला पाहिल्यास. नगरकडे, मामाच्या अंगणात. ते खरंच असेल. त्या वर्षी तिकडे पडल्याही असतील. पण मामाच्या गावाला दादा कधी आलाच नव्हता, राणे. एकदाही नाही."

मी मांडीवरची परात खाली ठेवली.

"म्हणजे बघा. इथे गारा पडल्या नसतील, तर मी दादाला गावच्या आठवणीत आणून उभं केलंय. मग माझ्याकडे त्याचं काहीच नाही. आवाजसुद्धा नाही."

त्यांचा प्रश्न कळल्यावर मला माझ्या पद्धतीने त्यांना मदत करावीशी वाटली. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या. त्या सुमाराच्या चैत्रांत राज्यात इतरत्र गारपीट झाल्याच्या बातम्या होत्या. परळचं काही नव्हतं. मी तसं येऊन सांगितलं.

बाईंनी विचारलं, "पडल्या नाहीत असं लिहिलंय, की काहीच लिहिलेलं नाही?"

मी म्हटलं, काहीच लिहिलेलं नाही. आणि मग माझ्या धंद्यातलं बोललो, की आमच्याकडे शून्य वेगळं आणि रिकामा रकाना वेगळा. रिकाम्या रकान्याला शून्य धरलं तर ऑडिटर कान धरतो.

हे त्यांना फार आवडलं. गारा पडतात त्या चिंचोळ्या पट्ट्यात, एका गल्लीत पडतात, पुढच्या गल्लीत नाही, असं त्या म्हणाल्या. कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद नाही म्हणून परळला नव्हत्या असं होत नाही. पण लगेच स्वतःलाच थांबवलं. "हे मी दुसऱ्या कोणाला पुरावा म्हणून चालवून घेतलं नसतं." त्यानंतर कधी काही अडलं की त्या म्हणत, राणे, रकाना रिकामा आहे.

मग चाळ पाडायला आली. बिल्डर, सह्या, भाड्याच्या जागा, कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला. बाई लालबागला एका खोलीत राहिल्या. काही वर्षांनी त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि आम्ही परत आलो. आम्हाला सहावा मजला मिळाला, बाईंना एकविसावा. म्हाताऱ्या बाईला इतक्या वर दिलं म्हणून नीता चिठ्ठ्या काढणाऱ्यांवर चिडली. बाई मात्र खूश होत्या. किल्ली घेताना मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं. वाटेत विरघळतात ना? आता मी थोडी वाटेत जाऊन उभी राहते."

पण तिथे पत्रा नव्हता. खिडक्या सरकत्या काचेच्या, बाहेर लोखंडी ग्रिलची पेटी. बाईंनी परात पेटीत ठेवली आणि सुतळीने ग्रिलला बांधली. सोसायटीचा सेक्रेटरी बाहेरून दिसतं म्हणून सांगायला आला. त्याला चहा देऊन त्यांनी गारा कशा तयार होतात ते सुरू केलं. तो पुन्हा आला नाही.

आग्नेस आंटी भेटल्या त्या माझ्या ऑफिसमुळे. माझ्या शेजारच्या टेबलावर परेरा बसतो. त्याची आई प्रभादेवीला राहते, पण लग्नाआधी आमच्या चाळीच्या मागच्या बाजूला, कौलारू घरांत राहायची. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. एकदा डबा खाताना बोलण्यात निघालं. आंटी बाईंपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी बाईंना सांगितलं. त्या रविवारी बाईंनी इस्त्रीची साडी नेसली, आणि टॅक्सीत सिद्धिविनायकाच्या गर्दीत अडकलो तेव्हा त्या दोनदा म्हणाल्या, "त्यांना आधी काही सांगू नका. काय उत्तर हवंय ते सुचवायचं नाही."

आंटी खुर्चीत बसल्या होत्या, फुलाफुलांचा झगा, गळ्यात क्रूस. डोळे चांगले, ऐकू चांगलं यायचं. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"गारा?" आंटींनी विचार केला. "नाय गो. मना नाय आठवत. पावसाचा पाणी घरात येयाचा ते आठवतं. गारा नाय."

बाईंचा चेहरा पडला, पण मी पाहिलं, त्यांनी पसंतीची मानही हलवली. नाही म्हणणारी साक्षीदार त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. म्हणून मग त्यांनी दुसरं विचारलं. चाळीत दुसऱ्या मजल्यावर साळव्यांचा एक मुलगा होता, मधुकर. तो आठवतो का?

"मधू?" आंटी पुढे झाल्या. "मधू नाय आठवणार? तू कोण त्याची?"

"बहीण."

"कडेवरची?" आंटी हसल्या. त्यांना दात थोडेच होते. "तुला घेऊन घेऊन वाकडा झाला होता तो. माझी आई ताडगोळे विकायची, गो. गरमीच्या दिवसांत. शाळेतून आला का पाट्या उचलायचा आईच्या, मग आई त्याला ताडगोळे द्यायची. मोठे नाय, बारके, उरलेले. सोलून माठाच्या पाण्यात टाकलेले असायचे. पिशवी कुठली? सदऱ्यातच घ्यायचा. ओचा ओला, पाणी गळतंय, आणि धावत सुटायचा. आई ओरडायची, अरे तू खा ना एक. तर सांगायचा, सुलूला आधी."

रस्त्यावर एक बस थांबून गेली.

बाईंनी विचारलं, "थंड असायचे?"

"माठातले ना. दात शिवशिवायचे. एकदम तोंडात टाकायला लागतो ताडगोळा. चावला का सगळं पाणी अंगावर."

पाचव्या वर्षी हातावर ठेवलेलं ते पांढरं, थंड, पाण्याने भरलेलं काय होतं, ते त्या खोलीत तेव्हा बाईंना कळलं आणि मलाही. गारा त्यांनी मामाच्या अंगणात पाहिल्या असतील. ताडगोळे दादाने गॅलरीत दिले असतील. दोन्ही एकाच ऋतूतले, दोन्ही थंड. पुढे दादा गेला, आणि लहान पोरीने जे हरवलं ते सगळं एकाच ओच्यात भरून ठेवलं. आयुष्यभर कांदा चिरून गारा शिकवणाऱ्या बाईंना हे कधी सुचलं नव्हतं. दर एप्रिलला चाळीच्या कोपऱ्यावर ताडगोळेवाला बसायचा. बाई त्याच्यासमोरून परात आणि ढग यांचा विचार करत जात असत.

त्या उठल्या आणि आंटींचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. परत येताना टॅक्सीत एकदाच बोलल्या. "दादा होता, राणे." थोड्या वेळाने, जणू दुरुस्ती करावी तसं, "आणि मला सुलू म्हणायचा. हे मला माहीत नव्हतं."

मला वाटलं, आता परात आत जाईल. पुढच्या मार्चमध्ये वर गेलो तर ती होती तिथेच, सुतळी नवी. मी म्हटलं, बाई, आता कशाला? आता तर खात्री झाली. त्या सोललेल्या ताडगोळ्यांची ताटली माझ्यासमोर सरकवत होत्या; त्या वर्षी त्यांच्याकडे रोज ताडगोळे असत, मिळतील तोवर. म्हणाल्या, "इतकी वर्षं दादासाठी गारा हव्या होत्या. आता नुसत्याच हव्यात." मग खिडकीकडे बघून, "आणि त्याने पाहिल्या नव्हत्या ना कधी."

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्या, झोपेत. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या त्याआधीच्या एका एप्रिलच्या संध्याकाळच्या. मी भाजीची पिशवी घेऊन गेटमधून आत येत होतो. पूर्वेकडे तसेच ढग होते, पांढऱ्या कडांचे, जांभळ्या पोटाचे. धुळीचा वारा सुटला. कंपाउंडमधली पोरं आडोशाला पळाली. आता गच्चीवर मिरच्या नसतात, लोक तयार मसाला आणतात, त्यामुळे धावपळ काहीच नव्हती. मोठे मोठे थेंब पडू लागले. मी वर बघितलं. एकविसाव्या मजल्यावर काहीतरी पिवळं चमकलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"राणे, खाली आहात ना? दिसलात मला. ऐका. माझे कान आता बारीक आवाजाला कामाचे नाहीत. मी फोन परातीजवळ धरते. तुम्ही ऐका, आणि खरं काय ते सांगा."

मी वॉचमनच्या खोलीच्या छपराखाली उभा राहिलो, एका कानात बोट घातलं आणि ऐकलं. वारा. पितळेवर पडणारं पाणी, आधी सुटं, मग सलग. मी कान देऊन ऐकलं. एखादा टणक आवाज येईल म्हणून इतक्या आशेने मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. खोटं बोललो असतो तर त्यांना कळलं असतं; बोंबलाचा बर्फसुद्धा त्यांनी वासावरून ओळखला होता.

"पाऊसच आहे, बाई," मी म्हटलं.

"हं." थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. त्यांनी परातीत हात घातला असावा. "पाणीच आहे. पण फार थंड आहे हो. इतकं थंड पाणी एप्रिलमध्ये नसतं."

मी छपराबाहेर आलो आणि वर बघितलं. तोंडावर पाऊस येत होता, नीट दिसत नव्हतं. ग्रिलमधून दोन हात बाहेर आले होते. त्यांनी परात तिरकी करून पाणी ओतून टाकलं, आणि रिकामी परात पुन्हा सरळ करून ठेवली.